दगडाच्या नमुन्याचा आकार आणि त्याचे दाबसामर्थ्य

॥ श्री ॥

सभामंडपाच्या जीर्णोद्धारासाठी विचाराधीन असलेल्या वालुकाश्माचे दोन चाचणी अहवाल विश्वस्त मंडळासमोर आले, तेव्हा एकाच खाणीतील दगडाला दोन निरनिराळे आकडे कसे, अशी पृच्छा अनेक सभासदांनी केली. शंका रास्त आहे. एका अहवालातील नमुना घनाकृती होता. दुसऱ्यातील दंडगोल, आणि त्याची उंची व्यासाच्या दुप्पट होती.

यंत्राच्या पोलादी तबकड्यांमध्ये दगड दाबला असता तो आडवा फुगू पाहतो. तबकड्यांना टेकलेली त्याची दोन्ही टोके मात्र घर्षणामुळे जखडलेली राहतात. ठेंगण्या नमुन्यात ही जखडण मध्यापर्यंत पोहोचते व दगड जणू उसन्या बळावर अधिक भार सोसतो. उंच नमुन्याचा मध्यभाग मोकळा असतो. तेथे दगडाचे स्वतःचे बळ प्रत्ययास येते. घन फुटल्यावर पुष्कळदा डमरूच्या आकाराचा अवशेष उरतो, त्याचे कारण हेच.

बांधकामाच्या दगडासाठी असलेले भारतीय मानक आयएस ११२१ (भाग १) उंची व रुंदी समान असलेला नमुना घ्यावयास सांगते. आंतरराष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्थेच्या १९७९ च्या पद्धतीत मात्र दंडगोलाची उंची व्यासाच्या अडीच ते तीन पट असते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्यच. परंतु त्यांचे आकडे परस्परांशेजारी तसेच मांडणे अयोग्य. तुलनेसाठी मिळालेल्या सामर्थ्यास ०.७७८ + (०.२२२ × व्यास ÷ उंची) या संख्येने भागतात. उंची दुप्पट असल्यास ही संख्या ०.८८९ येते. म्हणजे अशा दंडगोलाचे ८० न्यूटन प्रति चौरस मि.मी. हे ठोकळमानाने घनाच्या ९० च्या तोडीचे होय.

आकारमानाचाही परिणाम होतो. मोठ्या नमुन्यात सूक्ष्म भेगा सापडण्याचा संभव अधिक. हूक व ब्राउन यांच्या १९८० च्या सूत्रानुसार ५० मि.मी. व्यासाऐवजी २०० मि.मी. व्यास घेतल्यास सामर्थ्य सुमारे ७८ टक्क्यांवर येते. खांब तर त्याहून कितीतरी मोठा! शिवाय वालुकाश्म थरांचा दगड असल्याने भार थरांना लंब होता की समांतर, नमुना कोरडा होता की भिजविलेला, हेही पाहावे लागते.

सबब, यापुढे दरपत्रकासोबत येणाऱ्या अहवालात नमुन्याचा आकार, मोजमापे, थरांची दिशा व ओलावा नमूद नसल्यास तो विचारात घेऊ नये, अशी शिफारस विश्वस्त मंडळास करण्यात येत आहे.

– जीर्णोद्धार समिती