कण्हेर, एरंडी पेंड आणि आखाड्यावरचा कुत्रा

औंढा नागनाथ हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र असल्यानें महादेवास वाहावयाचीं फुलझाडें या भागांत पुष्कळ परसांतून आढळतात. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि धोत्रा हीं त्यांतलीं मुख्य होत. गाय-बैलांनीं कण्हेरीस तोंड लावूं नये म्हणून आमचे शेतकरी बंधु जपतात. परंतु आखाड्यावर रात्रभर राखण करणाऱ्या कुत्र्याविषयीं तितकी काळजी घेतलेली दिसत नाहीं. कुत्रा पाला कशास खाईल, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. पिलें दांत येतांना सांपडेल तें चावतात, आणि छाटलेली कण्हेरीची काडी त्यांस खेळणेंच वाटते.

कण्हेरीचें पान, फूल, साल, मूळ सर्वच विषारी असून तें विष वाळल्यानें जात नाहीं. प्रथम ओकारी व हगवण होते, मग हृदयाची गति मंदावते किंवा बिघडते, आणि तेवढ्यानेंच जनावर दगावतें. बिट्टीच्या बियांत याच जातीचें विष आहे. म्हणून निर्माल्य उकिरड्यावर न टाकतां खोल पुरावें. धोत्र्याचीं लक्षणें निराळीं: डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडें पडतें, जनावर बावरून धडपडतें. अशा कुत्र्यास पिसाळलेला समजून काठी उगारली जाण्याचा संभव असतो. तथापि खरोखरच तसा संशय असल्यास त्याच्या तोंडांत हात घालूं नये, हेंही सांगितलें पाहिजे.

आमच्या मतें याहून मोठा धोका झाडाचा नसून पोत्याचा आहे. हळदीस किंवा बागेस कोणी एरंडी पेंड घालतात. एरंडाच्या बियांतलें रिसिन नांवाचें विष तेलांत उतरत नाहीं, तें पेंडींत राहतें. पेंडीस पुरेशी उष्णता मिळाली नसेल तर तें कायम असतें. कुत्रा ही पेंड आवडीनें खातो, मातींतूनही उकरून काढतो. लक्षणें कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं दिसतात, त्यामुळें कारण ध्यानांत येत नाहीं: ओकारी, रक्ती हगवण, ग्लानि. पोतीं कडी लावलेल्या खोलींत ठेवावीं, आणि पेंड घातल्यावर कांहीं दिवस कुत्रा बांधावा.

नव्या घरांच्या ओसरीवरच्या कुंड्यांतील मनी प्लांट व डिफेनबेकिया यांनीं तोंडाची आग होते, लाळ गळते. स्वच्छ पाण्यानें तोंड धुवावें. सायकस मात्र वेगळें. त्याची बी यकृताचा नाश करते.

विषबाधा झाल्यास मीठपाणी पाजून ओकारी काढण्याची चाल सोडावी; फार मीठ हें कुत्र्यास स्वतःच विष आहे. गुंगींत किंवा झटके येत असतां कांहींच पाजूं नये, तें फुप्फुसांत जातें. चुलींतल्या कोळशाचाही उपयोग नाहीं. औषधी कोळसा वेगळा असतो व तो डॉक्टरनेंच द्यावयाचा. खाल्लेल्या झाडाची डहाळी किंवा मूठभर पेंड बरोबर घेऊन, खाल्ल्याची वेळ सांगत, विलंब न लावतां पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

कण्हेर तोडावी असें आमचें म्हणणें नाहीं. कुत्रा बांधण्याच्या जागेपासून ती दूर कुंपणास लावावी, आणि त्याच्या जवळ जास्वंद किंवा गुलाब असूं द्यावा.