पोविसचा किल्ला व चोवीस परगण्यांचा सारा

वेल्सच्या सीमेजवळ वेल्शपूल गांवीं पोविस नांवाचा तांबड्या दगडाचा किल्ला आहे. प्रवासी तेथें बहुधा उतारावर टप्प्याटप्प्यांनीं रचलेली बाग व यू जातीचीं जुनीं झाडें पाहण्यास जातात. आमच्या वाचकांनीं मात्र क्लाइव्ह घराण्याचा संग्रह अवश्य पाहावा. त्यांत टिपू सुलतानाचा चिटाचा तंबू आहे. तो रॉबर्ट क्लाइव्हनें आणलेला नव्हे. तो १७७४ सालींच वारला. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें, तेव्हां त्याचा पुत्र एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. किल्ला एडवर्डच्या पत्नीच्या माहेरचा. १८०१ सालीं मामाच्या पश्चात् तो त्यांच्या मुलाकडे आला.

बापाच्या संपत्तीचा एक मोठा झरा मात्र शेतसाऱ्याचा होता. कलकत्त्यानजीकच्या चोवीस परगण्यांबद्दल कंपनीनें नबाबास जो सारा द्यावयाचा, तो मीर जाफरानें १७५९ सालीं क्लाइव्हला जहागीर म्हणून लावून दिला. उत्पन्न वर्षास सुमारें २७,००० पौंड. म्हणजे कंपनी झाली कूळ आणि तिचाच चाकर झाला धनी! असा जमाखर्च आम्हीं तरी कोणत्याहि दप्तरांत पाहिला नाहीं. भरणारा रयत अर्थात् बंगालचाच.

१९५२ पासून किल्ला नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. जाणारानें संग्रह आधीं पाहावा, बाग मागाहून. बागेंत एकदां शिरलें म्हणजे पाय लवकर निघत नाहीं.