टेकडीने केलेली तपासणी

आमचे बेलापूर प्रवरेच्या काठचे, सपाट रानाचे गाव. चहूकडे ऊस. घराचा ओटा आणि बँकेच्या पायऱ्या सोडल्या तर येथे माणसाला वर्षभर चढ असा चढावा लागत नाही. त्यामुळे मी पेशंटला ‘रोज फिरायला जा’ म्हणतो, तेव्हा ते सपाट रस्त्यावरचे फिरणे असते. सपाटीवर शरीराच्या पुष्कळ उणिवा झाकून जातात. चढावर त्या उघड्या पडतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. घरात कळले ते गेल्या हिवाळ्यात.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही घरची सारी मंडळी राहुरीमार्गे नगरला गेलो (२०२४ पासून हे अहिल्यानगर) आणि तेथून पाथर्डी रस्त्याने सुमारे १३ किलोमीटरवरच्या चांदबिबीच्या महालाकडे. नाव चांदबिबीचे असले तरी ही कबर आहे निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची. सोळाव्या शतकातली अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत. गाडी वरपर्यंत जाते, पण आम्ही ती खालीच ठेवून वळणावळणाच्या रस्त्याने चालत निघालो. मुलांना आणि वयस्कांना झेपेल असा हा चढ आहे. सावली मात्र थोडी, म्हणून सकाळीच चढावे आणि पाणी बरोबर न्यावे.

पुतण्या पुढे पळत होता. मागोमाग माझी ७६ वर्षांची आई, काठी टेकत, न थांबता. सर्वांत मागे आमच्या सौभाग्यवती, वय ४९. पहाटे चारला उठून भाकरी, पिठले, ठेचा बांधून आणलेला. दर वळणावर त्या थांबत, दगडावर बसत. पुतण्या परत येऊन म्हणाला, “काकू, आजी पुढे गेली, तू का बसतेस?”

मी मागे गेलो. छाती धडधडत होती, धाप लागली होती. छातीत दुखत नव्हते. खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. “अगं, हे कधीपासून?” त्या म्हणाल्या, “अहो, दिवाळीच्या आधीपासून. वाटलं, वय झालं. अन् तुमच्या पेशंटांच्या रांगेत मी कधी उभी राहू?”

दोन तास विश्रांती घेऊन, पुतण्याला महाल दाखवून आम्ही परतलो. वरून दिसणारे नगर शहर मी नीट पाहिलेच नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.२. बाईचे ते १२ च्या वर हवे. पाळीत जास्त रक्तस्राव होत होता, तो कोणाला सांगितला नव्हता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी उपचार केले, सोबत लोहाच्या गोळ्या. रोज दहा घरच्या पापण्या ओढून पाहणाऱ्या माणसाने आपल्या घरची पापणी पाहिली नव्हती, याची मला लाज वाटली.

वाचकहो, हे एकाच घरापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो हळूहळू येतो, म्हणून शरीर त्याची सवय करून घेते. बसून काम करताना काही कळत नाही, चढावर कळते.

टेकडीवर निघताना एवढे पाहा. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बरोबरीच्यांपेक्षा कोणी वारंवार मागे पडत असेल, तर ‘सवय नाही’ म्हणून सोडून देऊ नये, हिमोग्लोबिन तपासावे. छातीच्या मध्यभागी दडपण येऊन ते हातात वा जबड्यात जात असेल, तर तेथेच थांबून त्याच दिवशी इसीजी काढावा. ‘गॅस असेल’ म्हणू नये.

लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नव्हे. चहाने लोह शरीरात कमी शोषले जाते. शौचास काळे झाले तर घाबरू नये. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात. आपल्या भागात गूळ भरपूर, पण नुसत्या गुळाने सातचे बारा होत नाहीत. आणि रक्त कोठे जाते आहे, ते शोधल्याशिवाय गोळ्या म्हणजे गळक्या हंड्यात पाणी.

मेच्या आधी आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. हिमोग्लोबिन ११.८ झाले होते. सौभाग्यवती आईच्या बरोबरीने चढल्या. या वेळी मागे मी होतो, गुडघे दुखत असल्यामुळे. त्याची तपासणी त्यांनी लगेच करायला लावली.