पऱ्हाटीची फळी

माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेला, म्हणजे ‘सिरकॉट’ला, 2024 मध्ये शंभर वर्षं झाली. त्याच उन्हाळ्यात अकोटच्या आसपास धुऱ्याधुऱ्यांवर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग जळत होते आणि घरी कपाटासाठी आणलेली फळी परराज्यातून आली होती. भाडं वेगळं. ते डोक्यात गेलं, म्हणून हा मागोवा.

पहिली साठेक वर्षं मी सोडून देतो. संस्था रुईची लांबी आणि मजबुती मोजत होती. ती गिरणीवाल्यांची गरज. झाडाचं काय करायचं ते गावात ठरलेलंच होतं. घराचा कूड पऱ्हाटीचा, वरून शेणमातीचा लेप, उरलं ते चुलीत. 1985 ला नागपुरात जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आलं, तेव्हाही बोलणं रुई-सरकीचंच.

खरं दशक 2000 नंतरचं. बीटी बियाणं 2002 ला आलं, राज्याची कापूस एकाधिकार खरेदी गुंडाळली गेली, पेपरात शेतकरी आत्महत्यांचे आकडे रोजचे झाले. आणि त्याच काळात नागपूरजवळ अमरावती रोडवर वाडीला, ‘कॉमन फंड फॉर कमॉडिटीज’ या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीनं, सिरकॉटवाले पऱ्हाटीची फळी बनवत होते. काड्या चिरायच्या, कुटायच्या, वाळवून चाळायच्या. जाड भुगा मधल्या थरात, बारीक वर-खाली. गोंद मिसळून गरम दाबाखाली घ्यायचा. गोंद युरिया-फॉर्मल्डिहाइडचा, त्यामुळे पर्यावरणाच्या नावानं फार नाचायचं कारण नव्हतं. पण फळी चांगली होती. कापलेल्या कडेला सालीचे काळपट ठिपके दिसायचे, खिळा धरायची. त्यासाठी एकही झाड तोडावं लागत नव्हतं.

मग अडलं कुठं? हेक्टरी दोन-तीन टन काडी निघते, पण ती फुलारलेली. ट्रक भरतो, वजन भरत नाही. सालीचे तंतू यंत्राच्या पात्यांना गुंडाळले जातात. उलंगवाडीनंतर, म्हणजे वेचणी संपल्यावर, दोन-तीन महिने माल, कारखाना मात्र बारमाही चालायला हवा. उसाचं बरं आहे. चिपाड पिळून निघतं तेच कारखान्याच्या आवारात, म्हणून त्याच्या फळ्या सोलापूरकडे झाल्या. हे तांत्रिक कारण मला मान्य आहे. पण आमच्या पुढाऱ्यांनी सरकारी भागभांडवलावर सहकारी सूतगिरण्या काढल्या, त्यातल्या कितीतरींना कुलपं लागली. त्या पैशाच्या तुकड्यात गावोगावी काडी चिरायची यंत्रं आली असती. फळीचा कारखाना कुणी मागितला नाही. फळीच्या नावानं मतं कोण देणार?

पुढची वर्षं भराभर गेली. 2016 ला उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरोघर पोचले आणि पऱ्हाटीचं चुलीतलं मोलही उतरलं. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं झोडपलं. पऱ्हाटी शेतात ठेवू नका, बांधावर रचू नका, असं कृषी खातं सांगू लागलं. सल्ला बरोबरच होता, अळी तिच्यातच मुक्काम करते. पण मजुरी परवडेना, मग काडी रोटाव्हेटरखाली नाहीतर काडेपेटीखाली.

2021 ला केंद्राच्या ऊर्जा खात्यानं औष्णिक केंद्रांना कोळशासोबत पाच टक्के जैवइंधनाच्या कांड्या जाळायला सांगितलं. पारसचं असं केंद्र आपल्याच, अकोटच्या जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या काडीची फळी होऊ शकते, तिची कांडी करून जाळायची, आणि ती उपटून, गोळा करून गाडीत भरायची मजुरी पुन्हा शेतकऱ्याच्याच खात्यावर.