न्यूट्रलवर सोडलेली गाडी

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सुरू झाले आणि आम्हा रत्नागिरीच्या वकिलांच्या मुंबईच्या फेऱ्या कमी होऊन आंबा घाटाच्या फेऱ्या वाढल्या. अशाच एका तारखेहून संध्याकाळी परतत होतो. गाडी भाड्याची, चालक पंचविशीतला, आपल्याच समाजातला पोरगा. घाट उतरायला लागताच त्याने गिअर काढला आणि गाडी न्यूट्रलवर सोडली. वळण आले की ब्रेक, वळण संपले की पुन्हा मोकळी. मी विचारले, "गिअर का काढलास रे?" तो म्हणाला, "वकीलसाहेब, आता साखरप्यापर्यंत गाडी फुकट जाते. डिझेल जास्त लागलं तर मालक पगारातून कापतो."

खाली पोहोचलो तेव्हा चाकांतून जळकट वास येत होता.

हा समज त्या एकट्या पोराचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यात चढ-उतार नसलेला रस्ता शोधावा लागतो आणि उतार दिसला की न्यूट्रल मारणारे चालक पावलोपावली भेटतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळात त्यात थोडेफार तथ्य असेलही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हिशेब उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रल केले की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध संपतो. मग ते बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल पाजत राहावे लागते. म्हणजे फुकट जाते ती गिअरमधली गाडी, न्यूट्रलमधली नव्हे! शिवाय गाडी मागे ओढून धरण्याचे इंजिनाचे काम एकट्या ब्रेकवर येऊन पडते. ब्रेक तापतात आणि फार तापले की धरेनासे होतात. काही महाभाग तर याच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. तसे केले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर ते कुलूपबंदही होते. एवढे सगळे कशासाठी? जे डिझेल वाचतच नाही, त्यासाठी.

आमचे आप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एसटीत चालक होते. १९७० च्या दशकात ते कामाला लागले. तेव्हा गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हते, घाट एकेरी होते आणि पावसात समोरच्या काचेवरचा वायपर चालेलच याची खात्री नसे. आप्पांचा एक नियम होता. सकाळी गाडी ताब्यात घेतली की आधी तिच्याभोवती एक फेरी. टायरवर लोखंडी टॉमी आपटून आवाज ऐकायचा. हवा कमी असेल तर आवाज बद्द येतो. मग खाली वाकून तेल गळते का ते पाहायचे. त्यानंतर पायरीवर पाय. गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवलेला मी कधी पाहिला नाही. "क्लच म्हणजे पाटलाचा ओटा नव्हे, पाय ठेवून बसायला," असे ते म्हणत.

आणि घाट? ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्यांचे सूत्र होते. इंजिनाचा घुमणारा आवाज ऐकत गाडी आपल्या चालीने उतरायची, ब्रेकला पाय क्वचित लागायचा. थांबा दिसण्याच्या खूप आधी ते ॲक्सिलरेटर सोडायचे आणि गाडी आपसूक थांब्याला येऊन लागायची. मागच्या बाकावर पोर मांडीवर घेऊन झोपलेल्या बाईची झोप मोडायची नाही. "डिझेल टाकीत नसतं, पायात असतं," हे त्यांचे वाक्य लहानपणी कळत नव्हते. आता कळते. ब्रेक दाबणे म्हणजे मघाशी डिझेल जाळून कमावलेला वेग उष्णता करून हवेत सोडून देणे. ज्याला पुढचा दोनशे मीटर रस्ता दिसतो तो कमी ब्रेक मारतो. ज्याला फक्त समोरच्या गाडीचा मागचा दिवा दिसतो तो आधी डिझेल जाळतो, मग ब्रेकचे लायनर जाळतो आणि एखाद्या दिवशी माणसे मारतो.

एसटीत चालकाची परीक्षा डिझेलनेही होते. दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर धावली याचा हिशेब डेपोत ठेवतात. आप्पा या आकड्याबद्दल जितक्या अभिमानाने बोलत तितक्याच अभिमानाने विनाअपघात सेवेबद्दल बोलत. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. ज्या महामंडळाने 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद घेतले, त्याची गाडी हाकताना तथागतांच्या या शब्दांची लाज राखली पाहिजे, असे ते घरी बोलून दाखवत.

आपल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग येणे ही साधी गोष्ट नव्हती. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यात न्यायला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. टांगा हाकायला बसला तो आपलाच एक माणूस, ज्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली पात्रात पडला. पायाला जबर दुखापत होऊन त्यांना कित्येक दिवस हिंडता-फिरता आले नाही. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ती अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण हाकण्याचे कसब ज्यांच्यापासून जातीने दूर ठेवले, त्यांच्यावर ते ऐनवेळी करण्याची पाळी आली की काय होते, हेही त्यात आहे. चाळीसगावनंतर अर्धे शतक उलटायच्या आत आप्पांसारखी माणसे चाळीस-पन्नास प्रवाशांची गाडी घेऊन घाट उतरत होती. हे कसब आपल्याला कुणी वारशात दिलेले नव्हते.

मग ते आता उतरणीला का लागले? चालकांना शिव्या देऊन उत्तर मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत रात्री महामार्गावर उभे राहून पाहा. आंब्याच्या पेट्या लादलेली पिकअप पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोहोचली पाहिजे. मिरकरवाड्याहून निघालेल्या मासळीच्या गाडीचा बर्फ तिच्यासाठी थांबत नाही. उशीर झाला तर भाव पडतो आणि बोलणी चालकाला बसतात. मालक त्याला सांगतो, लवकर पोहोच. तोच मालक सांगतो, डिझेल कमी जाळ. या दोन आज्ञा एकत्र पाळता येत नाहीत. ताशी ६० वरून ८० वर गेले की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि तो तोडायला डिझेलच लागते. १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने वर्षानुवर्षे सांगितले की ताशी ४५ ते ५५ च्या वेगात गाडी ८० च्या तुलनेत चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त पल्ला देते, आणि टायरमधली हवा पाव हिश्शाने कमी असेल तर इंधन पाच ते दहा टक्के जास्त जाते. ही पत्रके पंपावर लागली. पण चालकाला वेळापत्रक देणाऱ्याने ती कधी वाचली काय? मग चालक बिचारा वेगात जाळलेले डिझेल उतारावर न्यूट्रल मारून भरून काढायला बघतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा थेट लागू नव्हता, म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने कलम ९१ मध्ये व्यावसायिक वाहनाच्या प्रत्येक चालकाला तीच मर्यादा लावली. पुढे १९६१ चा कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. कायदा कागदावर चांगला आहे. वाशीहून रिकामी गाडी घेऊन त्याच दिवशी परत फिरणाऱ्या पोराला तो माहीतही नाही.

परवान्याचेही तसेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ म्हणतो की उमेदवाराला तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा पुढे नेता आली पाहिजे. सपाट मैदानात चार खांबांमध्ये गाडी फिरवून परवाना घेतलेले किती जण या नियमाला उतरतील? घाटांच्या जिल्ह्यात तरी ही परीक्षा घाटावरच झाली पाहिजे.

याची किंमत कोण देतो हे मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात बघतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सर्वांत जास्त दुचाकीवरचे, त्याखालोखाल पायी चालणारे. माझ्याकडे येणाऱ्या दाव्यांत मयताचा धंदा या रकान्यात बहुधा मोलमजुरी लिहिलेले असते. २००९ च्या सरला वर्मा निकालापासून नुकसानभरपाई वार्षिक उत्पन्नाला वयाच्या गुणकाने गुणून काढतात. २६ ते ३० वयाच्या माणसाला १७. मजुराच्या मजुरीचा पुरावा नसतो, म्हणून न्यायालय अंदाज धरते, आणि तो अंदाज कधी चढा नसतो. रस्त्यावर मोटारीपुढे पायी चालणारा आणि मोटारीतला यांच्यातला फरक मेल्यावरही मिटत नाही. उलटतपासणीत चालकाचे उत्तर ठरलेले असते, "ब्रेक लागले नाहीत." गाडी त्या वेळी कोणत्या गिअरमध्ये होती, हा प्रश्न मी हल्ली आवर्जून विचारतो.

आणि आता थोडे आपल्याबद्दल. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. कोकणातल्या वाड्यावाड्यांतून जीप, टेम्पो, ट्रॅक्स भरून निघतात. दिवसभर कामावर असलेला पोरगाच रात्री गाडी घेतो, कारण दुसऱ्या चालकाचे पैसे वर्गणीत बसत नाहीत. टपावर माणसे, टायरमध्ये हवा किती ते कुणी पाहिलेले नाही. बॅनरवर किती खर्च झाला ते मात्र सगळ्यांना ठाऊक. मी आमच्या गावच्या मंडळात दोन वर्षांपूर्वी ठराव मांडला की एका गाडीमागे दोन चालक आणि निघण्याआधी मेकॅनिककडून ब्रेक-टायरची तपासणी. ठराव टाळ्यांनी पास झाला. पहिल्या वर्षी पाळला गेला नाही. दुसऱ्या वर्षी एका बॅनरचे पैसे त्यात वळवले आणि पाळला गेला. त्यावरून एक-दोघे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पुढच्या तारखेला मी मुद्दाम त्याच पोराची गाडी मागितली. तिच्या डॅशबोर्डवर त्या त्या क्षणाचे ॲव्हरेज दाखवणारा आकडा होता. तो त्याने कधी नीट पाहिलाच नव्हता. परतताना घाटमाथ्यावर त्याला म्हटले, आधी तुझ्या पद्धतीने चल. न्यूट्रलवर आकडा चढला आणि थांबला. मग तिसऱ्या गिअरमध्ये घालून पाय काढायला लावला. गाडी धरली गेली आणि आकडा थेट वरच्या टोकाला जाऊन चिकटला. दोन वळणे तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, हे मालकाला तुम्हीच सांगा. माझं ऐकणार नाही तो."

साखरप्याला चहासाठी थांबलो तेव्हा मी त्याच्याकडून मालकाचा नंबर घेतला.