रायगडावरील एक दिवस

सहकुटुंब सहल म्हणजे पुष्कळदां फराळाचे डबे आणि मुलांची मोजदाद! रायगडीं घालविलेला दिवस मात्र आम्हांस निराळा वाटला. १९९६ पासून येथें रोपवे झाल्यामुळें थकलेल्या गुडघ्यांसही गड सुलभ झाला आहे. म्हणूनच घरांतील आजीबाईही आमच्यासमवेत होत्या.

होळीचा माळ ओलांडून आम्ही राजसदरेंत गेलों. ६ जून १६७४ रोजीं जेथें शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, तेथें आज छप्पर नाहीं. १८१८ सालीं इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यांत वाडे जळाले; नगारखान्याचें भव्य द्वार तेवढें उभें आहे.

मुलें खिळून राहिलीं तीं जगदीश्वराच्या देवळापाशीं. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचें नांव तेथें पायरीवर कोरलेलें आहे. “नांव पायदळीं कां?” धाकट्यानें विचारलें. आजीबाई म्हणाल्या, “येणाऱ्या प्रत्येक भक्ताची पायधूळ लागावी म्हणून, बाळा!” जवळच, १६८० सालीं याच गडावर देह ठेवलेल्या महाराजांची समाधि आहे. मुलांनीं न सांगतां हात जोडले.

वाचकहो, वाडे जळाले, सेवकाची नम्रता उरली. मुलांना सिंहासनाची जागा अवश्य दाखवा. परंतु ती पायरी दाखविल्यावांचून गड उतरूं नका.