बावीसच्या पुढची तीन शून्यं

सकाळी ६.४०
महाडच्या बाजारपेठेमागची गल्ली. आज दिवसभर मी मोटारी वाइंड करणाऱ्या दादांसोबत. ते शटर वर ढकलतात आणि आतला वास बाहेर येतो. तांबं, वॉर्निश, जळलेला कागद. दहा बाय बाराचा गाळा. उजव्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वीतभर वर, एक तपकिरी रेघ आहे. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. त्यानंतर गाळ्याला दोनदा रंग दिला, पण रेघेवर ब्रश फिरवला नाही. "मोटारी कुठल्या फळीवर ठेवायच्या ते तिला विचारायचं," दादा बोलले.

त्या पावसाळ्यात पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेल्या मोटारी इथं रांगेनं पडल्या होत्या. पाण्यानं धुवायच्या, उन्हात ठेवायच्या, ऊन नसेल तर पत्र्याच्या डब्यात दोनशे वॉटचे दोन बल्ब लावून शेकायच्या. मग मेगर लावून बघायचं. मेगर ५०० व्होल्ट सोडतो आणि वाइंडिंगमधून बॉडीकडे करंट गळतोय का ते सांगतो. काटा एक मेगओहमच्या खाली राहिला तर मोटार परत डब्यात. काही मोटारींनी चार-चार दिवस खाल्ले.

सकाळी ७.१५
आज बाकावर पाच एचपीची मोटार आहे. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीच्या नळपाणी योजनेची. जळून काळी झालेली. दादा छिन्नीनं कॉइलचं एका बाजूचं टोक कापतात आणि दुसऱ्या बाजूनं पक्कडीत धरून तार ओढून काढतात. ३६ स्लॉट. एक कॉइल मात्र अख्खी ठेवायची. तिचे वेढे मोजायचे असतात. ते मोजतात, मी मोजतो. दोघांचेही ४२ आले तेव्हाच वहीत लिहिलं.

मग तारेचा एक तुकडा काडीच्या जाळावर धरला, वरचं इनॅमल जाळून पुसलं आणि मायक्रोमीटरमध्ये घातला. ०.८१ मिलिमीटर. म्हणजे २१ नंबरची तार. "इनॅमल ठेवून माप घेतलं तर जाडी जास्त दिसते. मग माणूस २० नंबर आणतो आणि स्लॉटमध्ये बसवताना रडतो." तारेचं बिल तीन हजारांवर जाणार. स्लॉटचा कागद, स्लीव्ह, दोरा, वॉर्निश वेगळं. दादांची मजुरी १,६००. जुनं तांबं भंगारात जातं, त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलातून वजा.

नवीन तार स्लॉटमध्ये दाबायला त्यांच्याकडे बांबूची पट्टी आहे, घासून घासून गुळगुळीत झालेली. लोखंड लावलं तर इनॅमल खरवडतं आणि मोटार महिन्याभरात परत येते.

सकाळी ९.००
मदतनीस पोरगा आला. आयटीआयचा वायरमन ट्रेड झालाय, वय एकोणीस, रोजी ४५०. दोन कटिंग चहा, वीस रुपये. तो स्लॉटमध्ये कागद घालायला बसतो. आम्ही दोघं मोटारसायकलवर.

सकाळी १०.२०
बिरवाडीजवळची एमआयडीसी. गेटवर हेल्मेट, बूट, नावाची नोंद. मोबाइल आत न्यायचा तर वेगळी परवानगी. दादांना ती आहे, कारण त्यांचं अर्धं काम आता मोबाइलमध्ये आहे.

थर्मिक फ्लुइड हीटरचा इंडिकेटर २२० अंश दाखवतोय. बाहेर जाणाऱ्या लाइनवरचा दुसरा इंडिकेटर २५०. खोटं कोण बोलतंय ते शोधायचं. आत थर्मोकपल आहे. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की दुसऱ्या बाजूला अगदी थोडं व्होल्टेज तयार होतं. के टाइपच्या थर्मोकपलचं अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट.

दादा पॅनेलमधल्या वायरी सोडवतात आणि मीटर लावतात. मीटरचा खटका व्होल्टवर असतो तेव्हा स्क्रीनवर ०.००९ एवढंच दिसतं. मिलिव्होल्टवर घेतात. ८.९५.

आता मोबाइल. काचेला कोपऱ्यात तडा. ब्राउझरमध्ये व्होल्टेजची एककं बदलून देणारं एक पान कायम उघडं असतं. वरच्या चौकटीत आकडा टाकायचा, खाली मायक्रोव्होल्ट, मिलिव्होल्ट, व्होल्ट, किलोव्होल्ट, सगळं एकदम येतं. दादा ८.९५ टाकतात. ८,९५० मायक्रोव्होल्ट. ०.००८९५ व्होल्ट.

मी विचारलं, हजारानं गुणायचं नाहीतर भागायचं, एवढंच तर आहे, त्याला मोबाइल कशाला? ते लगेच बोलले नाहीत. वायरी परत आवळल्या, मग बोलले. कंपनीच्या छापील फॉर्ममध्ये रकाना व्होल्टचा आहे. कित्येक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांनी असाच आकडा तोंडी भागून लिहिला आणि एक शून्य कमी पडलं. ०.००८९ च्या जागी ०.०८९. रिपोर्ट परत आला, बिल दोन महिने अडकलं, आणि गेटवरचा पास नवा करायला तिथं कुणी उत्सुक नव्हतं. "मला येतं रे भागायला. पण दुपारी चाळीस अंशांत, बॉयलरच्या बाजूला उभं राहून येतं का, ते वेगळं."

के टाइपच्या तक्त्यात २५० अंशांना १०.१५३ मिलिव्होल्ट लिहिलेत. पण तो तक्ता दुसरं टोक शून्य अंशावर आहे असं धरून केलेला. इथं पॅनेलमध्ये ३० अंश आहेत, त्याचे १.२०३ वजा. राहतात ८.९५. मीटरवर तेच आहे. म्हणजे थर्मोकपल खरं बोलतंय. इंडिकेटर खोलीचे ३० अंश धरतच नाही, म्हणून २२० दाखवतोय. कुणीतरी सेटिंगमध्ये ते बंद केलेलं. दोन बटणं दाबून चालू केलं. २५०.

चाळीस मिनिटांचं काम. व्हिजिटचे १,५००, मिळतील दीड महिन्यानं. नवं थर्मोकपल न विकता हे काम झालं, याचं मला फार मोल वाटतं. तिथं दुसरं कुणी असतं तर आधी थर्मोकपलच बदललं असतं.

दुपारी १.१०
परत गाळ्यावर. भाकरी, वालाची उसळ, कांदा. मिलिव्होल्टवरच बोलणं चालू आहे. महाडात मिलिव्होल्टचा संबंध माणसाच्या जिवाशीही आलेला आहे. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले डॉ. हिंमतराव बावस्कर याच भागात काम करत आले. विंचवाचं विष हृदयावर जातं, आणि ईसीजीच्या कागदावर एक मिलिव्होल्ट म्हणजे दहा मिलिमीटर उंचीची रेघ. दादा ताटातून मान वर करतात. "म्हणजे तिथंही कुणीतरी चौकटी मोजत बसतं."

दुपारी २.५०
पोलादपूर. पोरगाही सोबत, म्हणून तिघांना वडापसाठी पन्नास मिनिटं थांबावं लागलं. पुढं वाडीपर्यंत पंचायतीच्या मामांसोबत पायी. मार्चमध्ये सावित्री नदी दगडांतून दोरीसारखी वाहते. काठावर जॅकवेल, पत्र्याची शेड, आत सकाळच्या जळक्या मोटारीच्या जागी उसनी आणलेली मोटार धापा टाकतेय. तिचा आवाजच जड आहे.

दादा आधी मोटारीला हात लावून बघतात. तळवा टिकत नाही. मग मीटर. आज मिलिव्होल्टवर लावलेला खटका फिरवून ७५० व्होल्टवर आणलाय ना, हे मोठ्यानं बोलून बघतात आणि पोरालाही बघायला लावतात. एकदा तो तसाच राहिला होता आणि स्वस्तातला मीटर थ्री फेजला लावताच फुटला. २,८०० रुपये.

दोन फेजमध्ये ३४०. हवेत ४१५. सहा टक्के कमी चालतात, म्हणजे ३९०. हे त्याच्याही पन्नासनं खाली. क्लॅम्प मीटरवर ९.२ अँपिअर, पाटीवर ७.५. व्होल्टेज पडलं की पाणी ओढायला मोटार जास्त करंट खाते, आणि तो करंट वाइंडिंगला आतून भाजतो. अशा वेळी स्टार्टरमधल्या रिलेनं मोटार बंद करायची असते. दादा स्टार्टरचं झाकण उघडतात. रिलेची चकती ११ वर.

मामा कसंनुसं हसतात. "सारखा ट्रिप व्हायचा. बाया हंडे घेऊन नळावर उभ्या. एकानं सांगितलं, थोडा फिरवा."

दादा चिडले नाहीत. चकती ७.५ वर आणली. "मामा, हा ट्रिप होतो तेव्हा मोटार वाचवतो. पहिली मोटार चकती फिरवल्यामुळंच गेली. पाणी रात्री अकरानंतर चढवा, तेव्हा व्होल्टेज येतं." मग मामांच्याच वहीत आखलं: वेळ, तीन फेजचं व्होल्टेज, सही. आठवडाभर लिहायचं आणि महावितरणच्या अर्जाला जोडायचं.

बाहेर ट्रान्सफॉर्मरची डीपी आहे. तिला हात लावायचा तो लाइनमननं. पोरगा दहा हातांवरून पाटी वाचतो: २२/०.४३३ के.व्ही. आणि हळूच विचारतो, "दादा, ट्रकला दोन बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्ट. हे तर बावीसच?"

दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आणखी चार पावलं मागं घेतलं. मोबाइल त्याच्याच हातात दिला. "टाक. बावीस. पुढं के.व्ही. निवड." पोरानं टाकलं. व्होल्टच्या चौकटीत २२,००० आलं. मग ०.४३३ टाकलं. ४३३ आलं. तो बराच वेळ पाटीकडं बघत राहिला. आयटीआयच्या पेपरात हे त्यानं लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण खांबाखाली उभं राहून नजरेला आधी बावीस दिसतं, के.व्ही. नंतर.

संध्याकाळी ६.००
महाड. चवदार तळ्यावर २० मार्चची तयारी चाललीय. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं, त्या दिवसासाठी गावोगावची माणसं येतात. मांडववाल्याच्या शेवटच्या हॅलोजनला १९८ व्होल्टच मिळतात, सुरुवातीला २३० आहेत. केबल लांब आणि बारीक. दादांनी जाड केबल मागवायला सांगितली. इथले पैसे घेतले नाहीत.

रात्री ८.१०
पोरानं दुपारी निघण्याआधीच सगळे कागद बसवून ठेवलेत. तार उद्या. हिशेब: पोलादपूरचे ५०० हातात आले, त्यातले वडाप आणि चहाचे १८०. पोराची रोजी ४५०. मजुरी मोटार परत दिल्यावर, कारखान्याचं बिल दीड महिन्यानं. आज पैसे खिशातूनच गेले.

दादा पोरासमोर वही सरकवतात. "३४० व्होल्ट. किलोव्होल्टमध्ये लिही. मोबाइल लांब ठेव."

तो लिहितो, ०.०३४. थांबतो. बोटानं मोजतो. खोडतो. ०.३४ लिहितो आणि मग मोबाइल ओढून बघतो. बरोबर आहे.

"आता मिलिव्होल्टमध्ये," दादा बोलतात, आणि शटरच्या कडीला कुलूप शोधायला लागतात. पोरगा शून्यं मांडतोय. तीनशे चाळीस, आणि पुढं तीन.